चित्रसंग्रहालयांतून जाणारा रस्ता

आम्स्टरडॅम शहरीं राइक्सम्यूझियम पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा रेंब्रांटच्या ‘रात्रीचा पहारा’ ह्या १६४२ सालच्या चित्रासाठींच जातो. चित्र सुमारें बारा फूट उंच व पंधरा फूट रुंद. त्यापुढें गर्दीही तशीच! परंतु माझ्या मतें येथील अत्यंत पाहण्याजोगी गोष्ट भिंतीवर टांगलेली नाहीं. १८८५ सालीं उघडलेल्या ह्या वास्तूच्या मधोमध, कमानींखालून, एक सार्वजनिक रस्ता जातो व त्यावरून सायकली एकसारख्या धांवत असतात. जुनें शहर व दक्षिणेकडील वस्ती त्यानें जोडिलीं आहेत.

२००३ सालीं नूतनीकरणासाठीं इमारतीचा बहुतेक भाग बंद झाला, तो २०१३ सालीं पुनः उघडला. मूळ योजनेंत प्रवेशद्वार ह्याच मार्गांत यावयाचें होतें. सायकलस्वारांनीं हरकत घेतली, वाद वर्षानुवर्षें चालला, अखेर योजना बदलली आणि रस्ता राहिला. पुष्कळांस हा निव्वळ हट्ट वाटला. मला तसें वाटत नाहीं. कलेस शांतता हवी, हें खरें. पण जें मूल शाळेस जातां-येतां कांचेआडून आंतील चौक रोज पाहतें, त्यास हें घर परकें कसें वाटावें? (अठरा वर्षांखालील मुलांस तेथें प्रवेशही विनामूल्य आहे.)

आंत वर्मीरचें जेमतेम हातभर उंचीचें एक चित्र आहे: दूध ओतणारी मोलकरीण, शेजारीं टोपलींत पाव. तें पाहून मी बाहेर आलों, तों एक बाई सायकलीच्या टोपलींत पाव घेऊन, घंटा वाजवीत, कमानीखालून निघून गेली.