स्थळनामांचा वाद आणि नकाशाची संहिता

नकाशातील नाव ही स्थळाची निव्वळ निर्देशक खूण असते, असा भाबडा समज आपल्या समीक्षाव्यवहारात अद्याप टिकून आहे. कादंबरीतील स्थळनामांची चिन्हमीमांसा हिरिरीने करणारे आपले अभ्यासक नकाशासमोर आले की संहितेचे भान सोडतात आणि पक्षकार होतात. जे. बी. हार्ले यांनी १९८९ मध्ये नकाशाच्या विरचनेची जी मांडणी केली, तिचा उल्लेख आपण करतो. ती आपल्या घरच्या नकाशाला लावत नाही.

आरंभी वाद नसलेले एक नाव घेऊ. नाशिक रोडच्या पूर्वेस गोदावरीकाठी एकलहरे हे गाव आहे. तेथील वीजकेंद्र कागदोपत्री 'नाशिक औष्णिक विद्युत केंद्र' आहे. पंचक्रोशीच्या बोलण्यात आणि बहुधा वृत्तपत्रांतही ते 'एकलहरे'च असते. शासनव्यवहाराला जिल्ह्याचे नाव पुरते, तेथे राबता असलेल्यांना गावाचे लागते. दोन्ही नावे आपापल्या व्यवहारात खरी आहेत. नकाशाकार त्यांतले एकच छापतो, तेव्हा तो एका व्यवहाराला मान्यता देतो आणि दुसऱ्याला अदृश्य करतो.

एकलहऱ्यात या निवडीने कोणी दुखावत नाही, सीमाभागात दुखावते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक शासनाने बारा शहरांची अधिकृत नावे बदलली आणि बेळगावचे 'बेळगावी' झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये येळ्ळूरची 'महाराष्ट्र राज्य' असे लिहिलेली पाटी हटवण्यावरून लाठीमार झाला होता. अधिसूचनेने लोकांच्या तोंडचे नाव रद्द होत नाही, ही मराठी भाषकांची भूमिका रास्त आहे. तिला शास्त्राधारही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नामविषयक परिभाषेनुसार, त्या प्रदेशात रुजलेल्या भाषेतील नाव हे अंतर्नाम ठरते. बेळगावात कन्नड रुजलेली आहे, तशी मराठीही. म्हणून 'बेळगाव' हे परक्यांनी दिलेले नाव नव्हे, 'बेळगावी'ही नव्हे.

प्रश्न पुढचा आहे. हाच निकष औरंगाबादला लावण्याची आपली तयारी आहे काय? फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या संमतीनंतर या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. अधिकृत नाव ठरविण्याचा शासनाचा अधिकार येथे वादाचा विषय नाही. परंतु त्या शहरात उर्दू ही रुजलेली भाषा आहे आणि तेथील असंख्य रहिवाशांच्या तोंडी जुने नाव जिवंत आहे. बेळगावात लोकव्यवहाराची साक्ष काढणारे येथे एकाएकी राजपत्राची साक्ष काढू लागतात.

'औरंगाबाद' हे जेत्याने लादलेले नाव होते, असा प्रतिवाद होईल. पण उगमाची शुद्धता हाच निकष मानायचा, तर मलिक अंबरने वसविलेल्या शहराच्या 'खडकी' या नावापाशी थांबावे लागेल; आजचे अधिकृत नावही त्या कसोटीला उतरणार नाही. उलट 'गुलशनाबाद' हे नाशिकचे मोगलकालीन नाव आज नकाशावर कोणी मागत नाही, कारण ते कोणाच्या बोलण्यात उरलेले नाही. त्याची जागा इतिहासाच्या नकाशात आहे. नाव जिवंत की मृत, हे उगमाने ठरत नाही, वापराने ठरते.

दोन नावांनी वाचक गोंधळतो, ही सबबही टिकत नाही. फॉकलंड बेटांपुढे 'माल्विनास' हे नाव संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत नित्य येते. त्याने वाचकांची वाट चुकत नाही, तेथे वाद आहे एवढे मात्र कळते. मराठी नकाशांनी व कोशांनी हेच करावे: अधिकृत नाव, शेजारी त्या स्थळी जिवंत असलेले दुसरे नाव, आणि सूचीत बदलाचे वर्ष. बेळगावी छापताना बेळगाव वगळणे अन्याय्य असेल, तर संभाजीनगर छापताना औरंगाबाद वगळणेही तितकेच अन्याय्य आहे. यांतला एक अन्याय ज्यांना दिसत नाही, त्यांनी दुसऱ्याविषयी बोलताना तत्त्वाचा आव आणू नये.