राजीनामा ड्राफ्टमध्ये आहे

तुमच्या मेलच्या ड्राफ्ट्स फोल्डरमध्ये काय काय पडून आहे, कधी उघडून बघितलंय? गेल्या महिन्यात ओळखीतल्या दहा-बारा जणांना मी हा प्रश्न विचारला. उत्तरं मजेदार होती. अर्धवट बायोडेटा, जुन्या बॉयफ्रेंडला लिहिलेली पण न पाठवलेली लांबलचक मेल, सोसायटीच्या सेक्रेटरीविरुद्धची तक्रार... आणि निम्म्याहून जास्त जणांकडे एक राजीनामा! 'डिअर सर'ने सुरू होणारा, बहुधा रविवारी रात्री अकरानंतर टाइप केलेला. एकाने तर मधल्या काळात कंपनी बदलली, तरी ड्राफ्ट तोच ठेवलाय. फक्त 'सर'चं 'मॅम' केलं. (मला राजीनामा द्यायला बॉसच नाही म्हणून हेवा करू नका. झालेल्या कामाचं पेमेंट काढायला अकाउंट्सवाल्यांना एकदा फोन करून बघा!)

यातला सगळ्यात नेटका ड्राफ्ट मात्र हिंजवडीतला नव्हता की बीकेसीतलाही नव्हता. तो होता यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका सरकारी बँकेच्या शाखेत. बर्नआउट म्हटलं की आपल्याला काचेची बिल्डिंग, गळ्यातलं आयकार्ड आणि रात्री साडेबाराची कॅब आठवते. तालुक्याला काय, पाचला शटर डाउन आणि साडेपाचला घरी चहा, असं आपण धरून चालतो. माझी मैत्रीण हे ऐकून हसत नाही, एवढंच सांगते.

ती आणि मी यवतमाळला एका बेंचवर होतो. मी मासकॉमच्या नादाने पुण्याला आले. तिने कृषी पदवी केली, मग आयबीपीएसची परीक्षा दिली आणि ऑफिसर झाली. तीन वर्षं पुण्याच्या शाखेत काढल्यावर तिला आपला जिल्हा मिळाला. घरी पेढे वाटले गेले. दीड वर्षाने एका रात्री फोन. रडणं नाही, चिडणं नाही. "काय सांगू तुले... मले आता काहीच वाटत नाही. समोर माणूस बसला असते, अन् मले फक्त फाइल दिसते." पाच ओळींचा राजीनामा तयार होता. अडलं होतं ते होम लोनच्या हप्त्यावर आणि बाबांना काय सांगायचं यावर.

जूनमध्ये मी तिच्याकडे दोन दिवस राहिले. एकदा ती शाखा बघाच. मृग लागलेला, कपाशीचं बियाणं घ्यायची घाई. दहाच्या आधीपासून पायऱ्यांवर रांग. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स, दुसऱ्या बँकांचे नो ड्यूज. कुणाला नवं कर्ज हवंय, कुणाला जुन्याचं 'नवं-जुनं' करायचंय. साडेअकराला काउंटरवरून आवाज येतो, "लिंक नाही." मग सगळी रांग भिंतीला टेकून बसते. कुणी भांडत नाही. माझ्या मैत्रिणीचं म्हणणं, भांडले असते तर बरं झालं असतं.

कारण हा यवतमाळ जिल्हा आहे. २००६च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि त्यांनी शेतकरी आत्महत्या होणाऱ्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यातला हा एक. पुढे २०१७ची आणि २०१९ची अशा राज्याच्या दोन कर्जमाफ्या आल्या, त्यांच्या याद्या, केवायसी, अंगठे याच काउंटरवर झाले. इथल्या ऑफिसरने "उद्या या" म्हटलं, तर ते शब्द तिच्यासोबत घरी येतात. पुण्यातल्या शाखेत ती एफडी मोडायला आलेल्या आजोबांनाही "उद्या या" म्हणायची आणि रात्री छान झोपायची.

संध्याकाळी शटर खाली आलं की वरच्या ऑफिसची व्हीसी. दिवसभरात पीककर्जाच्या किती फाइल्स निघाल्या हा प्रश्न शेवटी येतो, आलाच तर. पहिला प्रश्न, आज पॉलिसी किती?

आता थोडी थिअरी, कंटाळू नका. न्यू यॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४मध्ये 'स्टाफ बर्नआउट'वर लेख लिहिला, तेव्हापासून हा शब्द अभ्यासात रुळला. त्यांच्या डोळ्यासमोर होते ते मन लावून राबणारे स्वयंसेवक, कामचुकार नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये आजारांच्या आपल्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, आणि तो आजार नाही, कामाशी जोडलेली अवस्था आहे, असं स्पष्ट म्हटलं. तीन खुणा सांगितल्या. शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. "मले फक्त फाइल दिसते" ही यातली दुसरी. आपण मात्र पहिलीवरच अडकतो. थकलो? मग गोव्याला जाऊ, स्पा करू. सोमवारी परत तेच!

माझ्या मैत्रिणीने गोव्याचं तिकीट काढलं नाही. सुट्टीच मंजूर झाली नाही म्हणा. तिने डायरीची मागची पानं काढली आणि तीन आठवडे रोज रात्री दोन-दोन ओळी लिहिल्या. आज सगळ्यात जास्त जीव कशाने गेला, आणि कशाने गेला नाही. बस्स. मोठमोठी 'गोल्स' नाहीत, 'पाच वर्षांनी मी कुठे' वगैरे नाही.

तिला वाटत होतं रांगेने जीव जातो. डायरीत रांग जवळजवळ नव्हतीच. ज्या दिवशी चाळीस फाइल्स निघाल्या त्या रात्री तिने लिहिलंय, 'पाय दुखतात. जेवण छान लागलं.' जीव गेला होता तो भलत्याच ठिकाणी. पीककर्जाच्या कागदांत मधोमध जीवनविम्याचा एक फॉर्म ठेवलेला असायचा, सहीच्या जागी पेन्सिलने बारीक फुली. कर्जासोबत असला विमा घेण्याची सक्ती करता येत नाही, हे नियमातच आहे. पण सक्ती कुणी करतच नाही ना, फक्त फॉर्म ठेवतं! आणि समोरचे काका पेन हातात धरून विचारतात, "मॅडम, इथं सही केली म्हणजे पैसे भेटतीन ना?" एकवीस दिवसांतल्या चौदा नोंदी याच फॉर्मबद्दल होत्या.

क्रिस्टिना मॅस्लॅक आणि मायकल लायटर हे या विषयातले मोठे अभ्यासक. त्यांनी १९९७च्या पुस्तकात माणूस आणि त्याचं काम यांचं जुळत नाही अशा सहा जागा सांगितल्या. कामाचा बोजा, हातातला ताबा, मिळणारा मोबदला आणि दाद, सोबतची माणसं, न्याय, आणि मूल्यं. आपण सगळे बोज्याबद्दल बोलतो, कारण तास मोजता येतात. तिचं बिनसलं होतं सहाव्या जागी. आणि त्यावर झोप हा इलाज नाही.

इथे एक ब्रेक. कारण 'करिअरची जबाबदारी स्वतः घ्या' हे वाक्य एचआरच्या पॉवरपॉइंटवर फार गोड दिसतं, आणि मला त्याची भीती वाटते. पुण्यात जुलै २०२४मध्ये एका बड्या ऑडिट फर्ममधली सव्वीस वर्षांची सीए तरुणी गेली. नोकरीला लागून चारच महिने झाले होते. कामाच्या ताणाने ती खचली, असं तिच्या आईने सप्टेंबरमध्ये कंपनीच्या प्रमुखांना पत्रातून कळवलं; कंपनीने ताणाशी संबंध नाकारला. ते पत्र देशभर वाचलं गेलं. तिला कुणी डायरी लिहायला सांगणार होतं का? ऑक्टोबर २०२३मध्ये नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास म्हणाले, जानेवारी २०२५मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष ९०वर गेले. सप्टेंबर २०२५मध्ये आपल्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने दुकानं आणि आस्थापनांमधली रोजची मर्यादा ९ तासांवरून १० करायला मंजुरी दिली. उलट, ऑफिसनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळेंनी लोकसभेत दोनदा मांडलं. बँकवाल्यांचंच बघा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी त्यांना सप्टेंबर २०१५पासून मिळाली, आणि उरलेल्या शनिवारांवर युनियन आणि बँकांचं मार्च २०२४मध्ये एकमत झालं, ते सरकारच्या मंजुरीच्या अटीवर. रिकाम्या जागा, टार्गेट, व्हीसी... यातलं काहीही माझ्या मैत्रिणीच्या 'अ‍ॅटिट्यूड'मुळे झालेलं नाही, आणि तो सुधारून ते जाणारही नाही. जिथे शरीर रोज सांगतंय की बास, तिथे ड्राफ्ट उघडायचा आणि सेंड दाबायचं. हप्त्याचं नंतर बघू.

तिचं शरीर अजून तसं सांगत नव्हतं. म्हणून तिने ड्राफ्ट बाजूला ठेवला आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. म्हणाली, "सर, पॉलिसीचं टार्गेट मी घेते. पण पीककर्जाच्या फाइलमध्ये तो फॉर्म मी ठेवणार नाही. झेडपीचे शिक्षक, तलाठी, पगाराची खाती... त्यांना समोर बसवून, समजावून विकते." मॅनेजर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वर मी काय सांगू?" ती म्हणाली, "माझं नाव सांगा."

सिनेमात यानंतर टाळ्या पडतात. प्रत्यक्षात तिचं टार्गेट निम्म्याच्या आसपास अडकलं आणि अप्रेझलला मार्क कमी पडले. एका व्हीसीत तिच्या शाखेचं नाव घेऊन सगळ्यांसमोर विचारणा झाली. दोन सहकारी काही दिवस जेवताना तिच्याशी बोलले नाहीत, कारण तिचा उरलेला आकडा त्यांच्या डोक्यावर गेला होता. हे लिहायलाच हवं. आपल्या मूल्यांचं बिल कधी कधी शेजारच्या टेबलावर जातं.

पण त्या महिन्यापासून डायरीतल्या नोंदी बदलल्या. कृषी पदवीची मुलगी गेली कित्येक महिने शेतीबद्दल एक वाक्य बोलली नव्हती. आता एखादा तरुण शेतकरी ठिबकसाठी कर्ज मागायला आला की ती त्याला जमीन कशी आहे, विहिरीला पाणी किती महिने टिकतं, हे विचारू लागली. एमी झेस्नेव्स्की आणि जेन डटन या अमेरिकन संशोधकांनी २००१मध्ये 'जॉब क्राफ्टिंग' अशी कल्पना मांडली. हॉस्पिटलमधले काही सफाई कर्मचारी आपलं काम म्हणजे पेशंट बरा करण्याचाच भाग मानतात आणि त्याप्रमाणे कामाला स्वतःच वळण देतात, हे त्यांचं गाजलेलं उदाहरण. पद तेच, पगार तोच, पण कामातला कुठला तुकडा वाढवायचा हे थोडंफार आपल्या हातात. थोडंफारच हं! (ही थिअरी पगारवाढ टाळायला वापरणारे बॉस मी पाहिलेत.)

पुढचं तिने एकदम साधं केलं. सीएआयआयबी ही बँकवाल्यांची परीक्षा तिने दोनदा अर्धवट सोडली होती. यावेळी निवडीच्या पेपरला रूरल बँकिंग घेतलं आणि पहाटे पाच ते सात ही वेळ ठरवली, कारण त्या वेळात कुणी टार्गेट विचारत नाही. रात्री नऊनंतर शाखेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट. आग लागली तर मॅनेजरकडे घरचा नंबर आहे. आणि विभागीय कार्यालयातल्या कृषी कर्ज विभागात बदलीसाठी अर्ज. दोन पानी, आपली पदवी आणि या शाखेत हाताळलेली पीककर्जं यांच्या हिशेबासह. हा हिशेब मांडताना तिला पहिल्यांदा कळलं की दीड वर्षात आपण किती घरांचं काम केलंय. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता.

अर्जाचं उत्तर आलं, एका शब्दाचं. 'नोटेड.'

बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. तिने जानेवारीत पुन्हा अर्ज केला, सोबत पास झालेल्या दोन पेपरांची मार्कशीट जोडली. बाहेरच्या दोन ठिकाणीही चौकशी करून ठेवलीय. मार्चअखेरनंतर ठरवते म्हणाली.

परवा हा लेख वाचून दाखवायला मी तिला दुपारी फोन केला. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोहोचले होते.

"थांब थांब," ती म्हणाली, "संध्याकाळी बोलू. लिंक आली."