रबरी बेडूक आणि मरळीची पिल्लं

परभणीला समुद्र नाही. तरी समुद्रातल्या मासेमारीचे व्हिडिओ बघून आमच्या चुलतभावाने पॉपर आणला. येलदरी धरणाच्या संथ पाण्यात त्याचा 'डुबुक-डुबुक' आवाज मलाच सोसेना! इथे हवा पोकळ रबरी बेडूक. गळाची टोकं पाठीला चिकटलेली, म्हणून शेवाळात अडकत नाही. टाकायचा, थांबायचं, हळूच ओढायचा.

इथवर ठीक. पण पावसाळ्यात काठाशी लालसर पिल्लांचा पुंजका दिसला, की हा नेमका तिथेच बेडूक टाकतो. तिथे मरळ भुकेने नाही, पिल्लं राखायला झेपावते. तिला काढलं की पिल्लं इतर माशांच्या तोंडी! तो याला कसब म्हणतो, मी दगा म्हणतो. मंडळी, पुंजका दिसला तर गळ आवरा. पुढच्या वर्षीची मरळ तीच आहे!