कार्टून पाहून डोळे का पाणावतात?

सांगलीहून रात्रीच्या बसने निघालेली आई सकाळी बंगळुरूला उतरते. पिशवीत लाडवांचा डबा, मेतकूट आणि लेकीच्या लग्नाचा विषय. दिवस गप्पांत निघून जातो. रात्री आईला जाग येते तो काय, शेजारच्या गादीवर लेक कानाला हेडफोन लावून मुसमुसते आहे! आईच्या काळजात चर्र होते.

"ऑफिसात कोणी काही बोललं का गं?"

लेक काही न बोलता मोबाइल पुढे करते. पडद्यावर चित्रातला एक मुलगा. बर्फात अडकलेल्या आगगाडीच्या डब्यात तो एकटाच बसलेला.

"अगं, घोडी झालीस एवढी आणि कार्टून बघून रडतेस?"

थोड्याफार फरकाने हा प्रसंग आज अनेक घरांत घडतो. जपानी चलच्चित्रांना 'अ‍ॅनिमे' म्हणतात. त्यांत मारामारी, जादू, विनोद सगळे असते. पण तरुण मुले उशी ओली करतात ती एका वेगळ्याच प्रकारच्या कथांवर. या कथांत खलनायक नसतो, मोठे संकट नसते. असतो फक्त एकटा पडलेला एखादा मुलगा किंवा मुलगी.

आईवडिलांना हे खूळ नवे वाटते; पण ते घरात आले त्यांच्याच काळात. 1993 मध्ये रविवारी सकाळी ज्या मोगलीसाठी सारे घर दूरदर्शनसमोर बसत असे, ती 'जंगल बुक' मालिका जपानमध्येच तयार झाली होती. आईबापांवाचून लांडग्यांत वाढलेला, ना धड जंगलाचा ना गावाचा असा तो पोरही तसा एकटाच होता. तेव्हा त्याच्यासाठी हळवे होताना कोणालाच लाज वाटली नव्हती.

पुढे ही आवड किती रुजली, ते 2019 मध्ये दिसले. दिग्दर्शक माकोतो शिनकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' भारतातील चित्रपटगृहांत लागावा, म्हणून हजारो चाहत्यांनी इंटरनेटवरील अर्जावर सह्या केल्या आणि ऑक्टोबरमध्ये तो खरोखरच प्रदर्शित झाला. 2023 मध्ये 'सुझुमे'च्या निमित्ताने शिनकाई स्वतः भारतात येऊन गेले.

न दिलेले पत्र

लेकीच्या मोबाइलवरचा तो चित्रपटही शिनकाई यांचाच आहे. 2007 सालचा, जेमतेम तासाभराचा 'फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंड'. शाळेतले दोन मित्र, ताकाकी आणि आकारी. आईवडिलांच्या बदल्यांमुळे दोघांची ताटातूट होते. एका हिवाळ्यात ताकाकी तिला भेटायला निघतो. बर्फामुळे गाडी तासन् तास रखडते. जपून लिहिलेले पत्र वाऱ्यावर उडून जाते. ती गेली असेल या विचाराने तो रात्री उशिरा स्टेशनवर उतरतो, तर ती शेगडीजवळ वाट पाहत बसलेली असते, स्वतः केलेला डबा घेऊन!

मात्र पुढे लग्नाची सनई वाजत नाही. पत्रे कमी होत जातात. मोठा झाल्यावर ताकाकी तोक्योत संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी करतो, रात्री एकटाच घरी परततो आणि मन कशातच लागेना म्हणून एक दिवस नोकरीही सोडतो. भांडण नाही, विश्वासघात नाही. अंतर वाढत गेले, एवढेच.

बंगळुरूमधील मुलांना ही कथा परकी का वाटावी? कोल्हापूर, सोलापूर, बेळगावहून आलेली हजारो मराठी मुले तिथे हेच काम करतात. पगार चांगला, पण खोली भाड्याची. भाषा कामापुरती. वाहतुकीत अडकलेल्या कंपनीच्या बसमध्ये जाणारे दोन-दोन तास. गावाकडच्या मैत्रिणी संसारात रमलेल्या आणि घरून येणाऱ्या फोनवर ठरलेला प्रश्न, "जेवलीस का?" उत्तरही ठरलेले, "हो". त्या 'हो'च्या मागे जे राहून जाते, ते मध्यरात्री एखादा चित्रातला मुलगा सांगून टाकतो.

शांततेचीही गोष्ट

ही चित्रे मनाला भिडतात याचे एक कारण त्यांच्या धाटणीत आहे. टीव्हीसाठी दर आठवड्याला नवा भाग काढताना खर्च वाचावा, म्हणून जपानी कलावंतांनी साठच्या दशकापासून कमी चित्रांत काम भागवायला सुरुवात केली. पात्र स्थिर राही आणि बोलण्याचे काम देखावा करी. आज हाताशी पैसा आणि यंत्रे असतानाही ती सवय सुटलेली नाही. तिचीच कला झाली आहे. विजेच्या तारांवर पडणारा पाऊस, रिकामा फलाट, खिडकीतला उजेड यांवर कॅमेरा रेंगाळतो. तेवढ्या वेळात प्रेक्षक स्वतःची आठवण तिथे ठेवून देतो.

कधी एकटेपणाला थेट रूप दिलेले असते. नाओको यामादा यांच्या 2016 सालच्या 'अ सायलेंट व्हॉइस'मध्ये शाळेत एका कर्णबधिर मुलीचा छळ करणारा मुलगा पुढे स्वतःच वाळीत पडतो. तो कोणाच्या चेहऱ्याकडे पाहू शकत नाही, म्हणून त्याला भेटणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर फुली मारलेली दिसते. ज्याच्याशी मन जुळते, त्याच्या चेहऱ्यावरची फुली गळून पडते. हजार शब्दांत जे सांगता येणार नाही, ते एका फुलीत सांगून होते.

रडण्यातले सुख

दुःख पाहायला माणूस पैसे का मोजतो, हा प्रश्न जुनाच आहे. 1991 मध्ये 'माहेरची साडी' लागला, तेव्हा बायका रुमाल घेऊन थिएटरात जात आणि रडून मोकळ्या होऊन बाहेर पडत. त्या काय फक्त पडद्यावरच्या सुनेसाठी रडत होत्या? स्वतःच्या घरात जे बोलता येत नव्हते, त्याला तिथे वाट मिळत होती. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त तर करुण हाच मूळ रस मानला आहे. जपानी लोक या हळवेपणाला 'मोनो नो आवारे' म्हणतात. अठराव्या शतकातील विद्वान मोतोओरी नोरिनागा यांनी या कल्पनेचा मोठा पुरस्कार केला. साकुराची फुले थोडे दिवस टिकतात, म्हणूनच ती डोळे भरून पाहायची. जे टिकणार नाही त्याची कळ आणि त्याचे सौंदर्य, दोन्ही एकाच वेळी जाणवणे म्हणजे आवारे.

तेव्हा अशा चित्रपटाने डोळे भरून येणे हा काही आजार नव्हे. ते मन जिवंत असल्याचे लक्षण आहे.

पण सावध कुठे व्हावे?

मात्र औषधाची सवय लागू नये. पडद्यावरच्या एकटेपणाने स्वतःचे एकटेपण हलके होते. ते संपत मात्र नाही. हे जपानइतके कोणाला ठाऊक? महिनोन् महिने खोलीबाहेर न पडणाऱ्यांना तिथे 'हिकिकोमोरी' म्हणतात. 2021 मध्ये तर त्या देशाला एकटेपणाच्या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपवावी लागली.

मूल चित्रपट पाहून रडले आणि सकाळी हसत कामाला गेले, तर चिंता नको. पण फोन घेणे टाळू लागले, झोप आणि जेवण बिघडले, आवडत्या गोष्टीतही रस उरला नाही, 'माझ्यावाचून कोणाचे काही अडत नाही' असे बोलू लागले, तर वेळ घालवू नये. बंगळुरूमध्येच निम्हान्स ही मानसिक आरोग्याची नामवंत संस्था आहे. मोबाइल आणि इंटरनेटच्या आहारी गेलेल्यांसाठी तिथे 2014 पासून वेगळे केंद्र चालते. 2022 मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक कुठूनही विनामूल्य लावता येतो. तिथे मराठीतही बोलता येते.

त्याआधीचा उपाय मात्र घरातच आहे. 'मार्च कम्स इन लाइक अ लायन' या मालिकेतील रेई हा जपानी बुद्धिबळ खेळणारा अनाथ मुलगा एकटा राहतो. त्याला सावरते ते उपदेशाने नव्हे. शेजारच्या वस्तीतल्या तीन बहिणी त्याला जेवायला बोलावतात. गरम भात, कालवण आणि पानावर बसलेली माणसे. आपल्याकडच्या कोणत्याही आईला हा उपचार शिकवावा लागत नाही.

म्हणून त्या रात्री सांगलीच्या आईने "झोप आता" म्हणून दिवा घालवू नये. लाडवांचा डबा उघडावा, लेकीच्या कानातला एक हेडफोन आपल्या कानाला लावावा आणि विचारावे, "हा मुलगा गाडीत एकटाच का गं?" लेक सांगू लागेल. आधी त्या मुलाचे आणि मग, आईने मध्येच लग्नाचा विषय काढला नाही तर, हळूहळू स्वतःचेही.