भिंत बाईची, पाटी जमातीची

युरोपातल्या एका संग्रहालयात मी एका रंगवलेल्या भिंतीसमोर उभी होते. निळे, पिवळे, गुलाबी त्रिकोण-चौकोन, भोवती ठसठशीत काळी रेघ. शेजारी पाटी: 'एनडेबेले जमात, दक्षिण आफ्रिका. पारंपरिक गृहसजावट.' पलीकडच्या दालनात एका गोऱ्या चित्रकाराच्या चार पेन्सिलरेघांखाली त्याचं नाव, गाव, जन्मसाल, गुरू, सगळं होतं. मी तिथल्या मार्गदर्शकाला विचारलं, "ही भिंत कुणी रंगवली?" तो हसून म्हणाला, "त्यांच्यात सगळ्याच बायका रंगवतात."

मैत्रिणींनो, ओळखीचं वाटतं ना? 'स्वयंपाक काय, सगळ्याच बायका करतात!'

या 'सगळ्या बायका' कोण होत्या? १८८३ साली बोअरांनी एनडेबेलेंना हरवलं, जमिनी घेतल्या आणि कुटुंबं गोऱ्यांच्या शेतांवर वेठीला वाटून टाकली. आज आपण पाहतो ती रंगीत भिंत त्यानंतरची, विसाव्या शतकातली. ती 'अनादि काळापासून' वगैरे चालत आलेली नाही. गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बायकांनी विजेचे दिवे, विमानं, दाढीची पाती पाहिली आणि आपल्या भिंतीवर आणली. वर्णद्वेषी सरकारने याच गावांची पर्यटनस्थळं केली आणि पुढे क्वाएनडेबेले नावाचा 'स्वदेश' उभारला. तिथल्या १९८४ च्या निवडणुकीत बायकांना मतच नव्हतं. बायका न्यायालयात गेल्या, आणि त्यांना वगळणं बेकायदा असल्याचा निकाल १९८८ साली मिळवला. पाटीवर यातलं काय होतं? 'गृहसजावट.'

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, पॅरिसला 'पृथ्वीचे जादूगार' या अर्थाच्या नावाचं मोठं प्रदर्शन भरलं. जगभरचे शंभराहून अधिक कलावंत होते. त्यात एस्थर महलांगू या एनडेबेले बाईंनी आपल्या घराची प्रतिकृती रंगवली. आई आणि आजीकडून लहानपणीच शिकलेल्या बाई, कोंबडीच्या पिसाने, पट्टी न लावता सरळ रेघ ओढणाऱ्या. १९९१ मध्ये त्यांनी बीएमडब्ल्यू मोटार रंगवली. त्या मालिकेतल्या त्या पहिल्याच स्त्री कलावंत. त्यांचं नाव जगाला कळलं, हे चांगलंच झालं. पण 'जादूगार' हा शब्द बघा. जादू अंगात येते. विचार, सराव, निवड यांचा तिथे प्रश्नच नाही. कला महाविद्यालयात शिकलेल्या आफ्रिकी चित्रकारांना आयोजकांनी डावललं, अशी टीका तेव्हाच झाली. म्हणजे आफ्रिकेने 'अस्सल' राहायचं, आणि अस्सल काय ते ठरवणार पॅरिस.

आमच्या गटातली एक मैत्रीण म्हणते, "नावाचा एवढा सोस कशाला? कला सामूहिक असते." असेल. मग पिकासोचं नाव का पुसत नाहीत? सामूहिकतेचा भार नेहमी बायकांवर आणि काळ्या माणसांवरच का?

"तिथलीच माणसं अधिकारावर आली की प्रश्न सुटेल," असंही कुणी म्हणेल. २००९ साली जोहान्सबर्गच्या एका प्रदर्शनात झानेले मुहोली यांची, एकमेकींना मिठीत घेतलेल्या काळ्या स्त्रियांची छायाचित्रं होती. उद्घाटनाला आलेल्या सांस्कृतिक मंत्री लुलू झिंगवाना ती अनैतिक म्हणून निघून गेल्या. मंत्री काळी होती, बाई होती. तरी संस्कृती म्हणजे काय, हे त्या छायाचित्रांतल्या बायकांना कुणी विचारलंच नाही.

आता आपल्या दाराशी या. पॅरिसच्या त्याच प्रदर्शनात डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे यांचंही काम होतं. ते थोर कलावंत, वाद त्यांच्याशी नाही. पण वारल्यांच्या लग्नात चौक लिहितात त्या सवाशिणी. १९७० च्या दशकात कागद आणि बाजार आला, तसं नाव मुख्यतः पुरुषांचं झालं. आणि आपण? आपल्या पोस्टरांवर, शिबिरांच्या फलकांवर, अंकांच्या मुखपृष्ठांवर वारली बायका फेर धरून नाचल्या. त्याखाली चित्रकर्तीचं नाव किती वेळा छापलं? तिला मानधन किती वेळा दिलं? मीही दिलेलं नाही. संग्रहालयाकडे बोट दाखवताना हे लपवून चालणार नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. पाटीवर बाईचं नाव हवं, साल हवं, तिला काय मोबदला मिळाला ते हवं, आणि तिच्या कामाचा अर्थ तिच्या भाषेत, तिच्या तोंडून हवा. नाव ठाऊक नसेल तर 'अज्ञात' लिहू नका. तिचं नाव तिच्या घरच्यांना, शेजारणींना पक्कं ठाऊक होतं. खरं काय ते लिहा: 'आम्ही नाव विचारलं नाही.'

आणि पुढच्या पोस्टरसाठी चित्र उचलण्याआधी आपणही विचारू या: बाई, तुझं नाव काय?