सारांश लिहा, पण उतारा फाडू नका

34 वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यात एक प्रश्न मुलांच्या अगदी नावडीचा असे: 'खालील उताऱ्याचा एक-तृतीयांश इतका सारांश लिहा.' हुशार मुलं शब्द मोजत बसायची. बाकीची उताऱ्यातलं पहिलं, मधलं आणि शेवटचं वाक्य उतरवून मोकळी व्हायची. 2008 साली निवृत्त झाले तेव्हा वाटलं, चला, सारांश तपासण्यातून तरी सुटलो. पण हा प्रश्न मला पुन्हा भेटला तो संगणकावर, घरातल्या डीव्हीडी लहान करताना.

आमच्याकडे एकूण 63 तबकड्या होत्या. शाळेच्या गॅदरिंगच्या, घरातल्या लग्नामुंजींच्या, एक माझ्या निरोप समारंभाची. डीव्हीडी प्लेअर केव्हाच बंद पडला होता. 2019 च्या मे महिन्यात नातू सुट्टीला आला आणि त्याने हे काम अंगावर घेतलं. आधी त्याने प्रत्येक तबकडीची आयएसओ फाइल केली. आयएसओ म्हणजे तबकडीची जशीच्या तशी नक्कल. चित्र, आवाज, शूटिंगवाल्याने हौसेने घातलेला गुलाबाच्या फुलांचा मेनू, सगळं एकाच गाठोड्यात. तबकडीवर 4.7 जीबी छापलेलं असतं आणि संगणक मात्र 4.37 दाखवतो. (मला वाटलं, दुकानदाराने मापात मारलं! तसं नाही. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, संगणक 1024 च्या.) मग हँडब्रेक नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामात एकेक आयएसओ घालून त्याने त्याची एमपी4 फाइल केली. दोन तासांचं गॅदरिंग 350 एमबीत बसवलं. मोबाइलवर दिसायला लागलं, मला केवढा आनंद झाला!

"आज्जी, आता त्या मोठ्या फाइली उडवू का? उगाच जागा अडतेय."

मी म्हटलं, "उडव."

त्या एका शब्दासाठी आज हे लिहायला बसले आहे.

2024 मध्ये एक बाई घरी आल्या. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. 2021 मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. फोटो आहेत, म्हणाल्या, पण चालता-बोलता तो कुठेच नाही. सातवीत असताना, 2005 च्या गॅदरिंगला, तो नाटकात मावळा झाला होता. बाई, तुमच्याकडे ती सीडी असेल ना? (आमच्या गावात डीव्हीडीलाही सीडीच म्हणतात.) मी मोठ्या उत्साहाने फाइल लावली. पुढे उभे असलेले महाराज बरे दिसत होते. मागे अंधारात भाले घेतलेले चार मावळे होते, आणि चौघांच्या चेहऱ्यांच्या जागी चार तपकिरी चौकोन. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, यातला आमचा कोणता हो?"

मलाही सांगता आलं नाही. वर्षभर मी त्याला वर्गात समोर पाहिलेला.

माळ्यावरून मूळ तबकडी काढली. पत्र्याखालच्या उन्हाळ्यांनी तिचं व्हायचं ते झालं होतं. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत मजकूर असतो तो रंगद्रव्याच्या एका थरात, आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो रंग बिघडत जातो. वाचता वाचता संगणक मध्येच अडकायचा.

त्यानंतर मी हा विषय समजून घेतला. म्हातारपणी वेळच वेळ असतो. व्हिडिओ लहान होतो तो कसा? एक युक्ती आम्हा शिक्षकांच्या ओळखीची आहे. रोज सगळ्या वर्गाची नावं लिहायची नाहीत, गैरहजर कोण तेवढं लिहायचं. तसं एक चित्र पूर्ण नोंदवायचं आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं ते. इथपर्यंत ठीक. पण एवढ्याने भागत नाही, म्हणून दुसरी गोष्ट: माणसाच्या डोळ्याला जे सहज जाणवणार नाही ते टाकून द्यायचं. बारीक पोत, अंधारातले फरक. आणि तुम्ही फाइल फारच लहान मागितलीत, तर जाणवेल तेही टाकायचं. चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडलेले असतात, त्यांतला तपशील गेला की नुसता चौकोन उरतो. पहिला बळी जातो तो मागच्या रांगेतल्या, अंधारात उभ्या असलेल्या पोराचा. मागच्या बाकावरच्या मुलांचं वर्गात जे होतं तेच इथेही!

बरं, डीव्हीडी हीसुद्धा मूळ उतारा नव्हेच. शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्यात मिनी डीव्ही कॅसेट असे, तिचा तासाभराचा मजकूर सुमारे 13 जीबी होतो. त्याचा सारांश करून तो डीव्हीडीवर बसवायचा आणि कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायचा. त्याला दोष देत नाही, कॅसेट महाग होत्या. पण म्हणजे आमच्या नातवाने केला तो सारांशाचा सारांश. सारांशावरून उतारा पुन्हा लिहिता येत नाही, हे मी मुलांना वर्षानुवर्षं सांगितलं आणि स्वतःच विसरले.

डीव्हीडी लहान करूच नका, असं मी म्हणत नाही. आयएसओ मोबाइलवर कोण बघणार? जरूर करा, पण फाइल किती एमबीची हवी हे आधी ठरवून तिला त्यात कोंबू नका. हँडब्रेकमध्ये 'कायम दर्जा' असा पर्याय आहे. त्याचा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डीव्हीडीच्या मापाच्या चित्राला 18 ते 22 असा आकडा ते लोक स्वतःच सुचवतात. आमची एक लग्नाची तबकडी 20 वर ठेवली तर सव्वा जीबीची झाली, आणि मला तरी फरक दिसला नाही. हलत्या हातापायांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा येत असतील तर त्याचीही सोय तिथे आहे. डीव्हीडीचं चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेलं असतं, त्याचा तो परिणाम.

आणि आयएसओ ठेवा. 63 तबकड्यांच्या मिळून तीनशे जीबीसुद्धा होत नाहीत. एक टीबीच्या डिस्कवर अशा दोनशेच्या वर मावतात. 'जागा अडते' ही सबब 2005 मध्ये खरी होती, आज नाही. शिवाय उद्या याहून चांगली पद्धत निघेल, तेव्हा पुन्हा सारांश करायला मूळ उतारा हाताशी हवा. (हे सगळं घरच्या तबकड्यांबद्दल. विकतच्या सिनेमांना कुलपं असतात, हँडब्रेक ती उघडत नाही, आणि ती तोडण्याबद्दल 2012 पासून आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम आहे. तो विषय वेगळा.)

तर त्या बाईंचं काय झालं? शूटिंगवाल्याने तेव्हा पालकांना पन्नास-साठ तबकड्या विकल्या होत्या. मी जुन्या विद्यार्थ्यांना फोन करत सुटले. बहुतेकांनी घर बदलताना टाकून दिल्या होत्या. शेवटी कराडला एकाकडे निघाली, पण चरे पडलेली. पुण्यात संगणकाचं काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने दोन्ही मागवून घेतल्या. तो म्हणाला, बाई, दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून लिहिलेल्या आहेत, म्हणजे आत तंतोतंत एकच मजकूर. एकीतली वाचता न येणारी जागा दुसरीतून भरता येते. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम कुठली जागा वाचली आणि कुठली राहिली याची वही ठेवतो. आधी माझी तबकडी वाचली, मग तीच वही घेऊन कराडची. दोन दिवस लागले. शेवटी काही जागा राहिल्याच, पण त्या बक्षीस समारंभातल्या, अध्यक्षांच्या भाषणात. ते गेलं तरी चालेल.

डावीकडून दुसरा. भाला उलट्या हातात धरलेला, आणि संवाद चालू असताना मिशी पडू नये म्हणून सारखा बोटाने दाबतोय.

आयएसओ पेनड्राइव्हवर घालून दिली, तर त्यांच्या टीव्हीला ती उघडेना. मग त्यातलं नाटकाचंच प्रकरण तेवढं 18 आकड्यावर एमपी4 करून दिलं. अकरा मिनिटांचं आहे. हे मी स्वतः केलं, नातवाला फोन न करता. मोठी फाइल दोन डिस्कांवर ठेवली आहे, एक माझ्याकडे आणि एक पुण्याला.