बेळगावची ऑर्डर आणि कलम 24

महाड-पोलादपूरकडून येणाऱ्या पत्रांत सध्या एकच तक्रार आहे. बेळगावहून, पणजीहून ऑर्डर येते आणि जुन्या तबकड्यांच्या दुकानदाराला ती सोडून द्यावी लागते. माल आहे, गिऱ्हाईक आहे, पैसेही आगाऊ द्यायला तयार आहे. आडवे येते ते केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम 24.

राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. आळीतले रेकॉर्डचे दुकान त्या आकड्याच्या आसपासही फिरकत नाही. पण राज्याबाहेर करपात्र माल एकदा जरी विकला, तरी नोंदणी सक्तीची. म्हणजे 250 रुपयांची भीमगीतांची ईपी महाडहून गडचिरोलीला निघाली तर कोणी विचारणार नाही. तीच बेळगावला निघाली की जीएसटी क्रमांक घ्या, विवरणपत्रे भरा, आणि पुढे तिमाहीत एकही तबकडी खपली नाही तरी शून्याचे विवरणपत्र राहिले म्हणून दिवसाला 20 रुपये मोजा. तोच बेळगावकर एसटीने महाडला आला आणि बिलावर पत्ता न घालता काउंटरवरून ईपी काखेत मारून गेला, तर ती विक्री राज्यांतर्गत! हस्तकलेच्या वस्तूंना या सक्तीतून सूट मिळालेली आहे. जुन्या तबकड्यांना ती का नको, हे मात्र कोणी सांगत नाही.

गावातच खपवा, असे सुचवणाऱ्या साहेबांनी एकदा पोलादपूरच्या वाड्या फिराव्यात. तबकड्या तिथेच मिळतात. कुणा चाकरमान्याने गणपतीला मुंबईहून आणलेल्या, कुणा लाउडस्पीकरवाल्याच्या पेटीत उरलेल्या. पोवाडे, भजने, वगनाट्ये, 1974 चा ‘शिवकल्याण राजा’. ऐकणारा मात्र घराला कुलूप लावून ठाण्या-नालासोपाऱ्यात गेला.

आता आपल्या मंडळींविषयी. ज्यांनी नोंदणी घेतली आहे, त्यांतले किती जण जुन्या मालासाठीचा जीएसटी नियम 32(5) वापरतात? 100 ला घेतलेली तबकडी 250 ला विकली तर कर फक्त 150 च्या फरकावर, 18 टक्क्यांनी 27 रुपये. पूर्ण किमतीवर लावला तर 45. तबकडी धुऊन-पुसून, नव्या पाकिटात घालून विकली तरी ही सवलत जात नाही. मात्र 100 ला घेतली याचा कागद हवा, आणि कागद म्हटला की आपले लोक हसतात. तोच कागद पुरातही लागतो. जुलै 2021 मध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के, कमाल 50,000 रुपये मदत जाहीर झाली होती. लेबले धुऊन गेलेल्या, गाळात पाकिटे चिकटून वीट झालेल्या गठ्ठ्याची किंमत पंचनाम्यात कशाच्या आधारे लिहायची? तलाठ्याने लिहिली तर ती रद्दीच्या भावानेच लिहील, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

तेव्हा आजपासून खरेदीवही घाला. तारीख, विकणाऱ्याचे नाव-गाव, लेबल, मॅट्रिक्स नंबर, मोजलेले पैसे, सही किंवा अंगठा. पानांचे फोटो मोबाइलमध्ये आणि वही माळ्यावर, गल्ल्याखाली नव्हे.

जुन्या तबकड्यांनाही ही सूट मिळावी, म्हणून जीएसटी परिषदेकडे द्यायच्या निवेदनाचा मसुदा या अंकासोबत आहे. परिषदेत राज्याचा मंत्री बसतो, म्हणून एक प्रत आमदारांच्या हातात द्या. निवेदन दुकानाच्या लेटरहेडवर हवे, आणि सोबत गेल्या वर्षभरात सोडून द्याव्या लागलेल्या परराज्यातल्या ऑर्डरींची यादी: गाव, माल, रक्कम. यादी नसेल तर निवेदन पाठवूच नका.